खंडेनवमीची कानस

फिंटनने डबी उघडून बाणांची टोकं ओट्यावर ओतली आणि शोभनाबाईंच्या कपाळाला आठी पडली. पोलादाची तीन-तीन पात्यांची टोकं होती ती, बाणाच्या पुढे फिरवून बसवायची. एकावर गंज चढला होता. दुसऱ्याच्या पात्यात वाळलेले तांबूस केस अडकलेले होते. बाईंनी तिसरं उचललं आणि त्याच्या पात्यावरून अंगठा आडवा फिरवला. दुधी चिरायचीसुद्धा त्याची लायकी नव्हती.

"असली टोकं घेऊन गेला होतास तू?" त्यांनी त्यांच्या शाळामास्तरी इंग्रजीत विचारलं.

"मागच्या खेपेला, कोविडच्या आधी. ग्रँड आहेत की, टीचर! जरा घासली की झालं." काहीही असो, त्याच्या तोंडी 'ग्रँड', म्हणजे ठीकठाक.

फिंटन शेजारच्या घरातला. आयर्लंडमध्ये धनुष्यबाणाने शिकार करायला बंदी, म्हणून हा गडी हौस भागवायला हंगेरीच्या रानात जायचा. दीड वर्ष परदेशी जायची वाट बंद होती तेव्हा त्याने मागच्या अंगणात गवताच्या गठ्ठ्यावर बाण मारून दिवस काढले. यंदा वाट मोकळी झाली आणि दसऱ्याच्या सुमारास त्याचं जायचं ठरलं. रानात धार लावायला पिशवीत मावेल अशी एक कानस त्याला हवी होती. दुकानातली लांबलचक, जड, आणि हातात धरावी तर बोटं सोलणारी.

अशी कानस करून देणारं माणूस पोर्टलीश गावात त्याच्या कुंपणापलीकडेच राहत होतं. शोभनाबाईंनी कोल्हापुरातल्या तांत्रिक शाळेत मुलींना फिटरकाम शिकवण्यात सगळी नोकरी घालवली. मुलाकडे, शैलेंद्रकडे, त्या आल्या होत्या उन्हाळ्यापुरत्या. लॉकडाउन लागला आणि अडकल्या. रिकाम्या हाताला चैन पडेना, म्हणून आधी घरातल्या सुऱ्यांना धार लावली, मग कुंपणावरून फिंटनची झाडं छाटायची कात्री आली, आणि तेव्हापासून तो त्यांना 'टीचर' म्हणू लागला.

कानस करताना बाईंची नात क्षितिजा पहिल्यापासून बरोबर होती. वय अकरा, मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इथल्या हेलातल्या इंग्रजीत. शेडमध्ये दोघींनी जुन्या कानशीवर ग्राइंडरने आडवी खाच पाडली, फडक्यात गुंडाळून व्हाइसच्या जबड्यात आवळून धरली आणि बाईंनी हातोडीचा एक ठोका दिला. काडकन तुकडा पडला. पोरगी आनंदाने ओरडलीच.

"एवढ्या जाड लोखंडाचे असे दोन तुकडे?"

"कडक असतं ते मोडतं, बाळा. मऊ असतं ते वाकतं. म्हणून फडकं. नाहीतर कपची डोळ्यात जाते."

मग एक कड घासून गुळगुळीत केली, धरताना बोट कापू नये म्हणून. बसवायला लाकूड हवं होतं. क्षितिजा आत गेली आणि आपली मोडकी हर्ली घेऊन आली. कमोगी या इथल्या मुलींच्या चेंडूच्या खेळातली ती सपाट तोंडाची काठी, अॅश लाकडाची, तिची पहिलीवहिली. मोडली तरी तिने ती कपाटात जपून ठेवली होती. त्या सपाट तोंडाचा ठोकळा कापला, त्यात खाच कोरून कानस बसवली, म्हणजे गुडघ्यावर ठेवली की हलायची नाही. ठोकळ्याच्या टोकाला क्षितिजाने स्वतः एक भोक पाडलं, खडूचा तुकडा ठेवायला.

"खडू का?"

"कानशीच्या दातांत लोखंडाचा भुसा अडकतो. आधी खडू फासला की अडकत नाही. आणि तेल? कधीच नाही. कानशीला तेल लागलं की ती नुसती घसरते, कापत नाही. सगळ्या हत्यारांना तेल, कानशीला खडू."

"पण आपण शिकारीसाठी का बनवतोय? आपण तर अंडंसुद्धा खात नाही."

बाईंनी उत्तर टाळलं नाही. पोरांच्या प्रश्नाला त्यांनी कधी पाठ दाखवली नव्हती. "तो खातो. मारणार तो आहेच. पण मारायचंच तर जनावराला कळायच्या आत संपलं पाहिजे. बोथट पातं कापत नाही, फाडतं. धार ही त्या हरणासाठी आहे, फिंटनसाठी नाही."

पोरीने ते मनावर घेतलं. आणि आज ओट्यावरच्या त्या टोकातले केस तिनेही पाहिले.

"हे हरणाचे आहेत?" तिने फिंटनला विचारलं. "पटकन मेलं का ते?"

फिंटनने मान खाजवली. "ती मादी होती. बाण लागला आणि पळाली, सापडलीच नाही. अगं, बरी झाली असेल ती. ग्रँड असेल आता."

शोभनाबाईंच्या हातातलं टोक ओट्यावर आपटलं. हरीण हातातून गेलं, ते एक. ते पाप त्याचं, तो बघून घेईल. पण मुलीच्या डोळ्यांत बघून हे असलं थंड खोटं? शिकवण्याच्या इतक्या वर्षांत बाईंनी पोरांना 'मला ठाऊक नाही' असं शेकडो वेळा सांगितलं होतं. थाप एकदाही मारली नव्हती.

"रोज संध्याकाळी ये," त्या एवढंच म्हणाल्या. "टोकं इथेच राहू देत, तू घासायचीस, मी दाखवीन. धार लागल्याशिवाय कानस मिळणार नाही."

तो गेल्यावर क्षितिजा उसळली. "त्याला द्यायची नाही! लाकूड माझ्या हर्लीचं आहे. फिंटन लाइड टु मी, आजी!"

"खोटं बोलला, कबूल. पण द्यायची."

"का?"

"तो जाणार, कानस असो की नसो. नसली तर ही असली टोकं घेऊन जाईल."

पोरगी पाय आपटत वर गेली. जेवताना शैलेंद्र म्हणाला, "आई, त्याला फार बोलू नकोस, प्लीज. क्षितिजाची आई हॉस्पिटलात अडकली होती आणि आपण तिघं तापाने पडलो होतो तेव्हा दारात दूध-ब्रेड कोण ठेवत होतं?"

"दूध ठेवलं म्हणून त्याला थाप मारायचा परवाना मिळाला काय?"

"अगं, लहान मुलीला काय सांगणार तो?"

"खरं! तुला लहानपणी मी काय सांगायची? मांजर गावाला गेलं म्हणून सांगितलं होतं का कधी?"

"नाही," शैलेंद्र भातात बघत म्हणाला. "मेलं म्हणून सांगितलंस, आणि खड्डाही मलाच खणायला लावलास."

"मग? बिघडलं काय तुझं?"

फिंटन काही आला नाही. एकदा पाऊस होता, एकदा मॅच होती, एकदा कुंपणावरून नुसता हात हलवून गेला. बाईंचा पारा चढत गेला आणि त्यातच खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारं धुवायची, पुसायची, पाटावर मांडून पूजा करायची आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावायचं नाही. वर्षभर राबतात, एक दिवस विसावा. शोभनाबाईंनी हा नेम कधी मोडला नव्हता. शाळेत त्या दिवशी लेथच्या पट्ट्यालाही कुणी हात लावत नसे. पाट क्षितिजाने मांडला, तोही आपणहून. सुऱ्या, स्क्रूड्रायव्हर, बाबाचा लॅपटॉप, डॉक्टर असलेल्या आईचा स्टेथोस्कोप, नवी हर्ली, फिंटनची टोकं आणि मधोमध ती कानस, शेवंतीच्या पाकळ्यांनी जवळजवळ झाकलेली. पोरीचा राग निवळला असं वाटून बाईंना बरं वाटलं.

दुपारी फिंटन आला, दारातूनच बोलत. "टीचर, पहाटे निघायचंय. कानस न्यायला आलो." पाटावर आपली टोकं हळदकुंकू लावून बसलेली पाहून तो हसला. "अरे वा, यांचा थाट बघा!"

"आठवडाभर तुझी वाट पाहिली," बाई म्हणाल्या. "आज हत्यार चालवायचं नाही. आज ती आराम करतात."

"हरकत नाही. रानात गेल्यावर घासीन. नाहीतर आहेत तशी चालतील." त्याने पाकळ्या झटकून कानस उचलली, एक टोक तिच्यावर ठेवलं आणि ऐटीत पुढे ढकललं.

आवाजच आला नाही.

कानस चालते तेव्हा कर्रर्र बोलते. वर्गाकडे पाठ असतानाही कोणती मुलगी हात नीट चालवत नाही, हे शोभनाबाईंना त्या आवाजावरून कळायचं. त्यांनी कानस हातात घेतली. बोट फिरवलं. वास घेतला. देवघरातलं तिळाचं तेल, दातांत गच्च भरलेलं.

त्यांनी नातीकडे पाहिलं. नात जमिनीकडे बघत नव्हती. हनुवटी वर करून सरळ त्यांच्याकडे बघत होती.

"मी पूजा केली," क्षितिजा म्हणाली. या वेळी मराठीत.

"कानशीला तेल घालून?"

"हो."

"क्षितिजा! सॉरी म्हण अंकलना!" शैलेंद्र ओरडला.

"तू थांब रे." बाईंनी कानस ओट्यावर ठेवली. पोरीवरचा राग आणि त्या माणसावरचा राग एकमेकांत मिसळला होता. "काय गं, शिक्षा कुणाला केलीस? त्याला? तो घसरती कानस घेऊन जाईल, दोन वेळा घासेल, 'ग्रँड' म्हणेल आणि बाण सोडेल. फाटणार कोण? मी शिकवलेलं तू बरोबर लक्षात ठेवलंस आणि त्याच हरणावर चालवलंस!"

क्षितिजाचा चेहरा उतरला. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. डोळे भरले, पण रडता रडता ती फिंटनवरच कडाडली, "देन व्हाय डिड यू लाय?"

फिंटनला काय चाललंय ते नीट कळेना. पोरीने कानशीला तेल का घातलं ते बाईंनी त्याला एका वाक्यात सांगितलं. तो कानापर्यंत लाल झाला. "बरं, राहू दे, टीचर. मला बॅग भरायचीय..."

"खाली बस," शोभनाबाई मराठीत म्हणाल्या. त्याला ते नेमकं कळलं. तो बसला.

मग त्यांनी पाटासमोर हात जोडले. "माफ करा रे बाबांनो," त्या हत्यारांना म्हणाल्या. "आज एकाला उठवते."

गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश. कानस क्षितिजानेच घासली, हुंदके देत, दातांच्या तिरप्या रेघांतून, आजीने दाखवलं होतं तशीच. रेडिएटरवर खडखडीत वाळवली. ठोकळ्याच्या भोकातून खडू काढून फासला आणि कानस फिंटनच्या गुडघ्यावर ठेवली. त्याच्याकडे न बघता.

"दोन पाती एकदम टेकव. पुढे जाताना दाब, मागे येताना उचल," बाईंनी सांगितलं. "आणि पास-नापास क्षितिजा ठरवेल."

क्षितिजाने फ्रिजमधले पिकलेले टोमॅटो आणले. पातं नुसतं टेकवून ओढायचं, दाबायचं नाही. साल आपोआप उघडली तर पास.

कर्रर्र, कर्रर्र. कानस बोलू लागली.

"नाही," क्षितिजा म्हणाली. थोड्या वेळाने पुन्हा, "नाही." फिंटनच्या कपाळावर घाम आला. शैलेंद्रने चहा आणून ठेवला, तो गार झाला. चहाकडे पाहून फिंटन पुटपुटला, "शाळेतसुद्धा मला एवढं कुणी रखडवलं नव्हतं."

"म्हणूनच ही दशा," बाई म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत दोन टोकं पास झाली. तिसरं घासता घासता फिंटनचा हात थांबला. तो मुलीकडे वळला.

"ती मादी बरी झाली का, ते मला माहीत नाही," तो म्हणाला. "मेलीच असेल. हळूहळू. रक्ताचा माग होता. पाऊस लागला, जेवणाची वेळ झाली होती, मी शोधायचं सोडलं."

क्षितिजाने पास झालेली दोन टोकं त्याच्या डबीत ठेवली. बाकीची उचलून परत पाटावर मांडली, एकेकाला पुन्हा कुंकू लावलं.

"ती?" फिंटनने विचारलं.

"नापास," ती म्हणाली. "ती इथेच राहतील."

"पण मी रानात घासीन ना..."

"दोन," शोभनाबाई म्हणाल्या. "दोनच बाण आहेत हे लक्षात राहिलं, तर सोडताना नीट बघशील. आणि लागला तर शोधायचं. जेवण गेलं खड्ड्यात."

त्याने मान हलवली. डबी खिशात घातली, कानस कातडी पिशवीत सरकवली. दारात थांबून तो क्षितिजाला म्हणाला, "परत आणून देईन ही. काय झालं ते सांगेन."

"खरं," ती म्हणाली.

"खरं."

तिने त्याला बाय केलं नाही. शोभनाबाईंनीही तिला 'कर' म्हणून सांगितलं नाही. त्या ओट्यावरचे चिरफाळलेले टोमॅटो गोळा करत होत्या आणि अजून धुमसत होत्या. मग त्यांनी हाक मारली, "क्षितिजा, ये. यांचं सार करू. पण सुरी नको हं आज. हातानेच कुस्करायचे."