वरीलप्रमाणे

ही सवय मीच लावली सगळ्यांना. नवी नर्स आली की सांगायची, "बाई गं, रोज निबंध लिहू नकोस. पेशंट कालच्यासारखाच असेल तर ओळीखाली दोन रेघा मार. डिट्टो. म्हणजे वरीलप्रमाणे." वीस वर्षांत कुणाचं काही बिघडलं नाही. निदान मला तरी कुणी सांगितलं नाही.

नाना, माझे वडील, तापाचं निमित्त होऊन माझ्याच वॉर्डात दाखल झाले. दुसऱ्या दिवशी माझी ड्यूटी वरच्या मजल्यावर लागली. येता-जाता मी डोकावायची आणि कॉटला अडकवलेला तक्ता वाचायची. दोन रेघा. परत दोन रेघा. "छान चाललंय की नाना!"

"बस ना जरा."

"वर माझी वाट बघतायत हो."

सहाव्या दिवशी सकाळी नाना गेले. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलं होतं, दुखणं दोन-चार दिवसांचं तरी असणार. शेजारच्या कॉटवरचे आजोबा म्हणाले, "आल्यापासून पोट धरून होते. 'मुलगी कामात असते, तिला कशाला घोर,' म्हणायचे."

माझं डोकंच फिरलं. तक्ता ओढला आणि बडबडीला गाठलं. त्या वॉर्डातली नर्स ती. तोंडाचा पट्टा थांबत नाही म्हणून आम्हीच ठेवलेलं नाव.

"एकदा तरी विचारलंस माझ्या बापाला? हात झडले होते तुझे? नोकरी घालवते बघ तुझी!"

ती रडायलाच लागली. "नाही विचारलं ताई, चुकलं माझं. पण वरची ओळ बघा ना."

मी बघितली. 'जेवण ठीक. पोट मऊ. तक्रार नाही.' पुढे सही माझी. नाना दाखल झाले त्या दिवशी गर्दी होती. नानांच्या पोटाला मी हातसुद्धा लावला नव्हता. बाप माझा, मला नाही कळणार तर कुणाला, असं म्हणत लिहून टाकलं होतं. डॉक्टरही पाच दिवस माझंच अक्षर वाचत होते.

खाली ऑफिसात क्लार्कने मृतदेह ताब्यात देण्याचा फॉर्म पुढे सरकवला.

"नातेवाइकांची काही तक्रार?"

बडबडी दारातच उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही.

"तक्रार नाही," मी म्हटलं आणि सही केली.