पेशीबाबांचा निरोप

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर कुणाच्या तरी रक्ताचा थेंब मोठा करून दाखवला होता. चपट्या पेशी एकमेकींना चिकटून चळती लावून पडल्या होत्या. डॉक्टरी कोट घातलेले पेशीबाबा सूक्ष्मदर्शकापाशी पुटपुटले, काचेजवळ हात नेला आणि चळती सुटल्या. पेशी मोकळ्या तरंगू लागल्या. लोकांनी डोळे पुसले.

"पेशी रुसतात, अबोला धरतात," बाबा म्हणाले. "त्यालाच तुम्ही आजार म्हणता. मी त्यांना निरोप देतो, की संवाद सुरू. सुया कशाला टोचून घ्यायच्या?"

मागे उभ्या आत्याला शिसारी आली. ती शाळेत जीवशास्त्र शिकवायची. ही थापेबाजी तिने हसण्यावारी नेली असती, पण पहिल्या रांगेत तिची भाची बसली होती. पोरीला लहानपणापासून मधुमेह, इन्सुलिनवर वाढलेली. बाबांच्या सांगण्यावरून बापाने ते कालपासून बंद केलं होतं. पोरीचे ओठ सुकले होते, ती सारखी पाणी पीत होती, आणि तिच्या श्वासाला पिकलेल्या फळांसारखा वास येत होता.

भावाला बाजूला घेऊन ती म्हणाली, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चल. तो हलेना. निरोप पोचलाय, मी पडद्यावर डोळ्यांनी पाहिलंय, म्हणाला. सख्ख्या भावाने अक्कल अशी गहाण टाकलेली पाहून तिचं डोकंच फिरलं.

ती तडक टेबलाशी गेली. बाबांच्या बोटांआड ड्रॉपर होता. काच ओली राहावी म्हणून, असं ते गुळगुळीत आवाजात सांगू लागले. तिने ड्रॉपर काढून घेतला, भावाला पुढे ओढून टेबलावरच्या सुईने त्याच्या बोटाचा ताजा थेंब काचेवर घेतला आणि चळती लागेपर्यंत थांबली.

"आता बोला."

बाबा पुटपुटले. मग आवाज चढवला. मग इथे कुणीतरी नास्तिक आहे म्हणाले. चळती ढिम्म हलल्या नाहीत.

आत्याने काचेच्या कडेला ड्रॉपरमधला थेंब सोडला आणि पेशींना सांगितलं, "गच्चीवरचे कपडे काढायचे राहिलेत." चळती भराभरा सुटल्या. मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"हे मिठाचं पाणी आहे," ती म्हणाली. "निरोगी माणसाच्या रक्ताच्याही अशा चळती लागतात. रक्त पातळ झालं की सुटतात. बाबा गप्प बसले तरी सुटतात."

मग ती भावाकडे वळली. "पेशी एकमेकींना निरोप धाडतात हे खरंय. पण तो शब्दांचा नसतो, रसायनाचा असतो. इन्सुलिन हाच तो निरोप. तो पेशीच्या अंगावर ठरलेल्या जागी जाऊन बसतो, मग आत एक रेणू दुसऱ्याला खबर देतो आणि साखरेला दार उघडतं. तो निरोप तू बंद केलास. पोरीच्या रक्तात साखर साचलीय आणि पेशी उपाशी मरताहेत."

भावाने आपल्या बोटावरचा रक्ताचा ठिपका पाहिला. त्याने लेकीला उचललं आणि दवाखाना गाठला.

ती वाचली. उद्यापर्यंत थांबला असतात तर हाती लागली नसती, असं दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला तोंडावर सुनावलं. निरोप या शब्दाचा आपल्याकडे आणखी एक अर्थ आहे. तो माणूस कोट घालून, गोड बोलून एका लेकराला तोच निरोप देत होता, आणि भरलेला हॉल डोळे पुसत पाहत होता.

पेशींना कान नसतात. आपल्याला दोन आहेत, आणि त्यांच्या मधोमध डोकं आहे. ऐकलेलं आधी तिथून जाऊ द्या.