ओल्या घेराचा झगा

बायको गेली, तरी शिंप्याने तिचं तिकीट रद्द केलं नव्हतं. परदेशी जाणाऱ्या त्या आलिशान जहाजाचा दोघांनी जन्मभर ध्यास घेतलेला. कप्तानाच्या मेजवानीत घालायचा तिचा निळा पायघोळ झगा दुकानातल्या पुतळ्यावर अर्धाच राहिला होता. निघायला आठवडा उरला, तरी म्हातारा तो पुरा करत बसलेला.

आणि रोज दुपारची डुलकी काढून उठावं, तर झग्याचा घेर ओला. चाखला, तर खारट. समुद्र त्या गावाने फक्त कॅलेंडरवर पाहिलेला.

डबा घेऊन आलेल्या मेहुणीने घेर पिळला. बादलीत पडलेल्या पाण्यात झिंगा वळवळला, असं ती पुढे सांगायची. झिंगा तिच्या पदरचा. पाणी मात्र खरं.

"भावोजी, जहाज बुडणार म्हणून सांगतेय ताई. जाऊ नका."

"बुडायला ती चढलीय कुठे अजून?"

"चढली असेल. बसमध्येसुद्धा आधी घुसून जागा धरायची की नाही?"

शिंपी हसला, पण नजर झग्यावरच होती. ओल रोज वर सरकत होती. काल गुडघा, आज कंबर.

त्याने आपला नवा कोट पुतळ्याशेजारी टांगला. "येऊ की नको, तूच सांग," असं झग्याला बजावून तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. झोप कसली लागतेय! पाठीमागे दोरा दातांनी तुटल्याचा आवाज आला. त्या खोडीवरून तो तिच्यावर जन्मभर खेकसला होता. आज मानसुद्धा वळेना.

उठून बघतो, तर कोटाच्या दोन्ही बाह्या मनगटाशी शिवून बंद.

"झालं समाधान?" डबा परत न्यायला आलेली मेहुणी म्हणाली. "फाडा आता तिकीट."

शिंप्याने बाही खिडकीशी नेली. टाके लांब, सैल, बिनगाठीचे.

"कच्चे आहेत," तो पुटपुटला.

"म्हणजे?"

"नकोच म्हणायचं असतं, तर पक्की टीप घातली असती. गिऱ्हाइकाचं मन ठरत नसलं, की ती असंच टाचून ठेवायची. उसवायचं की नाही, ते ज्याचं त्याने बघावं."

त्याने टोक धरून ओढलं. दोरा सरकन निघाला, ओलाचिंब. बाहीत हात घातला, तर अस्तर बर्फासारखं गार. मनगट कुणीतरी घट्ट धरलं. म्हाताऱ्याने सोडवून घेतलं नाही.

"माळ्यावरची बॅग काढून दे," तो मेहुणीला म्हणाला. "मोठी."