गोठ्यात बोलणारे आण्णा

संध्याकाळच्या धारेच्या वेळेला गोठ्यापुढं माणूस मावत नव्हतं. पार गडहिंग्लजहून लोक नारळ घेऊन आले होते. सहा महिन्यांपूर्वी वारलेले घरचे म्हातारे आण्णा म्हशींच्या दावणीवरून बोलायचे! खोकत, घोगऱ्या आवाजात, घरच्यांची नावं घेऊन. सकाळी सासू-सुनेत काय बोलणं झालं तेसुद्धा सांगायचे.

गावच्या मठातले धुरीबाबा शेजारी बसून डोळे मिटून मान डोलवत. त्यांच्या तोंडी ऊर्जा, स्पंदन, ब्रह्मांड असले शब्द नुसते वाहत असत. सून स्नेहल सातव्या महिन्यात होती. तिच्या पोटातलं मूल आण्णांच्या आत्म्याची वाट अडवतंय, असा निकाल बाबांनी दिला. अमावस्येला तिला मठात तीन दिवस पाण्याविना कोंडायचं आणि मिरच्यांची धुरी द्यायची. अशानं बाई आणि मूल जगतील का, हे काही ब्रह्मांडात लिहिलेलं नव्हतं.

घर होतं केरबा हवालदाराचं. मुलगा फौजेत, लांब. पंचवीस वर्षं पोलिसाच्या खाकीत काढलेला केरबा आण्णांचा, म्हणजे बापाचा, आवाज आला की लटपटायचा. बायको तानाबाई सुनेकडं बघायलाही भ्यायची. अमावस्या चार दिवसांवर आली, आणि नेमकं तेव्हाच केरबाला कोल्हापुरात प्रशिक्षणाला बोलावणं आलं. नेटवर्कमधले पुरावे कसे पकडायचे, ते लॅपटॉप हातात देऊन शिकवणार होते.

शिकवायला मदिहा मॅडम होत्या. आधी घड्याळ जुळवायचं, मग कुठलं यंत्र कुणाशी कधी बोललं याची नोंद पकडायची, ती सीलबंद करायची आणि त्यानंतरच तोंड उघडायचं, हा त्यांचा नेम. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात एक कॅमेरा लपवला आणि शोधायला सांगितला. केरबाला तो नेटवर्कवरच्या यंत्रांच्या यादीत सापडला. फोनवरून बोललं की आवाज त्या कॅमेऱ्यातून बाहेर येत होता. केरबाला घरचा गोठा आठवला. म्हैस कधी विते ते अंथरुणातून दिसावं म्हणून त्यानंही गोठ्यात असलाच कॅमेरा बसवून घेतला होता.

जेवणाच्या सुट्टीत त्यानं मान खाली घालून सगळं सांगितलं. मॅडम हसल्या नाहीत. "भ्या की. पण भीत भीत का होईना, नोंद घ्या," एवढंच म्हणाल्या.

अमावस्येच्या आदल्या संध्याकाळी त्यानं घरच्या राउटरला लॅपटॉप जोडला आणि गावातल्या दोन शहाण्या माणसांना पंच म्हणून शेजारी बसवलं. सहा वाजून बारा मिनिटांनी दावणीवर खोकला उठला.

"केरबा, उद्या पोरीला मठात आण. न्हायतर घर बसंल."

भीतीनं त्याला लॅपटॉप मिटावासा वाटला. तरी त्यानं वेळ लिहिली आणि पडद्यावर पाहिलं. त्याच मिनिटाला एक फोन कॅमेऱ्याशी बोलू लागला होता. घरातले फोन तीन. हा चौथा होता, आणि यादीत त्याचं नाव होतं ज्ञानू. ज्ञानू म्हणजे बाबांचा पट्टशिष्य. कॅमेरा यानंच बसवला होता, घरातली बोलणीही यातूनच ऐकत होता. वायफायचा पासवर्ड तर गोठ्याच्या दारावर, जनावरांच्या डॉक्टरच्या नंबराखाली खडूनं लिहिलेला होता!

नोंद सील झाली. मग केरबानं राउटरची पिन उपसली आणि गोठ्यापुढं डोळे मिटून बसलेल्या बाबांकडं वळला.

"बाबा, आता बोलवा आण्णांना."

म्हशी रवंथ करत राहिल्या, आण्णा काही बोलेनात. आत्मा रागावला, असं बाबा पुटपुटले. केरबानं पिन परत लावली आणि स्वतःचा फोन तोंडाशी धरून खोकला. दावणीवरून हुबेहूब आण्णा खोकले. त्या बारक्या स्पीकरातून कुणीही खोकलं तरी घोगरंच ऐकू यायचं. एवढ्यात वायफायच्या टप्प्यात शोधणाऱ्या पोरांनी गवताच्या गंजीमागून ज्ञानूला फोनसकट ओढून आणलं.

लोक टाळ्या पिटू लागले. स्नेहल मात्र उंबऱ्यात उभी होती.

"मामंजी, नोंद सापडली नसती तर उद्या मला कोंडलं असतंसा?"

खोटं बोलायला केरबाची जीभ उचलेना. "व्हय," तो म्हणाला. त्याला रडू आलं. मग तो लोकांकडं वळला. "आवाज आला की हात जोडायच्या आधी तो कुठनं येतोय ते बघा. आणि न्हाय कळलं, तरी कुणाच्या पोरीचं पाणी तोडू नका."