एल्वूड पेटीफर्डच्या नावापुढचं शून्य

गॉर्डन श्टालहूटनं शेवटचा डोनट तोंडात कोंबला, पिठीसाखरेची बोटं विजारीला पुसली आणि पडद्याकडे असं पाहिलं, जणू तिथून त्याचीच वरात निघणार होती. डॉर्कस पेटीफर्डला तेव्हाच कळलं, की निर्णय आधीच होऊन गेलाय. आता नुसतं मान हलवणं उरलंय.

कोल क्रीक काउंटीच्या बेसबॉल मंडळानं इथल्या सगळ्या जुन्या संघांचे सामने, धावा, फटके, झेल संगणकात भरायचं ठरवलं होतं. एप्रिलमध्ये संग्रहालय उघडणार, आणि तिथल्या पडद्यावर ज्यानं त्यानं आपल्या आजा-पणज्याचं नाव शोधायचं. त्यासाठी डेटाबेस कुठला घ्यायचा, एवढाच आजचा प्रश्न. एक होता विद्यापीठातल्या लोकांनी बनवलेला, दिसायला उकडलेल्या बटाट्यासारखा. दुसरा ‘होम प्लेट गोल्ड’. त्याच्यासोबत इंडियानापोलिसहून किब्लर नावाचा विक्रेता आला होता, आणि त्याचे दात त्याच्या बुटांहून जास्त चकाकत होते. डॉर्कसनं आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलेलं. अभ्यास न करता आलेलं पोरगं ती दारातूनच ओळखायची. हे तसलंच होतं.

“मित्रहो, आता गंमत बघा,” किब्लर म्हणाला आणि त्यानं एक कळ दाबली. पडद्यावर बॅट फिरली, चेंडू उडाला, स्पीकरच्या खोक्यातून हजारो माणसांचा जल्लोष उठला. खजिनदार मर्ना टाळ्या पिटत म्हणाली, “अगं बाई!”

“यात जागा रिकामी सोडता येते का?” डॉर्कसनं विचारलं.

“रिकामी?” जेवणाच्या टेबलावर कुणी धुण्याची बादली आणून ठेवावी, तसं किब्लरचं तोंड झालं. “मॅडम, आमच्या प्रोग्रॅमला रिकामं आवडत नाही. तुम्ही काही भरलं नाहीत, तर तो आपणहून शून्य घालतो. कसं स्वच्छ दिसतं!”

“माहीत नसणं वेगळं आणि शून्य वेगळं.”

“झालं हिचं सुरू,” मंडळाचा अध्यक्ष गॉर्डन म्हणाला. “अगं, दिसायला काय फरक पडतो?”

“तुझ्या डोक्यात काय आहे ते मला माहीत नाही, गॉर्डन. म्हणून तिथं शून्य लिहू?”

मर्नाला कॉफीचा ठसका लागला.

“तुम्ही एल्वूड पेटीफर्ड हे नाव टाका,” डॉर्कस किब्लरला म्हणाली. “माझे वडील.”

एल्वूड शहाऐंशी वर्षांचे होते. तरुणपणी ते कोल क्रीक स्टार्सकडून खेळायचे. काळ्यांचा संघ तो. दर रविवारी दगडखाणीशेजारच्या मैदानावर माणूस मावायचा नाही. पण गावचं वर्तमानपत्र त्या सामन्याला एक ओळ द्यायचं, डुकरांचे भाव आणि चर्चमधलं जेवण यांच्या मधोमध: कोण जिंकलं, किती धावांनी. फटके कुणी किती मारले, यावर शाई खर्च करावी असं संपादकाला कधी वाटलं नाही. डॉर्कसला सामने सापडले, तारखा सापडल्या, फटके सापडले नाहीत. आणि म्हातारा तर आठवडाभर रोज विचारत होता, पडद्यावर माझं नाव केवढ्या अक्षरात येणार?

नाव आलं. पुढं शून्य, शून्य आणि शून्य. प्रोग्रॅमनं ते उचलून काउंटीतल्या सगळ्या खेळाडूंच्या तळाशी नेऊन ठेवलं, आणि वर एक भोंगा वाजवला, सर्कशीतल्या विदूषकाचा असतो तसला.

“तो आवाज बंद करता येतो,” किब्लर घाईनं म्हणाला.

“राहू दे. आता ऑगस्ट श्टालहूट टाका.”

गॉर्डन ताठ बसला. ऑगस्ट त्याचा आजोबा. त्याची तसबीर बँकेत लागलेली होती, आणि बेस चोरण्यात, म्हणजे चेंडू टाकला जात असतानाच पुढचा बेस पळून गाठण्यात, त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, असं गावात सांगत. पण त्या काळी इथं बेस चोरल्याची नोंद कुणी ठेवत नसे. पडद्यावर आलं: चोरलेले बेस, शून्य.

“चूक आहे हे!” गॉर्डनच्या कानांपर्यंत लाली चढली. “आजोबा हरणासारखे पळायचे!”

“मोजलं कुणी?”

“अख्ख्या गावाला ठाऊक आहे!”

“मग अंदाजानं भरू की,” किब्लर मधाळ आवाजात म्हणाला. “किती म्हणता?”

खाटकाच्या दुकानात मांसाचा तुकडा निवडावा, तसा गॉर्डननं विचार केला. “एका मोसमाला... चाळीस?”

चाळीस भरले. खोक्यातून जल्लोष उठला. मर्नानं पुन्हा टाळ्या पिटल्या. डॉर्कस बघत राहिली. थापेला या यंत्रानं वाजतगाजत घरात घेतलं होतं, आणि ‘ठाऊक नाही’ या एका खऱ्या शब्दाला अंगणात उभं केलं होतं.

मतं घेतली गेली. डॉर्कस सोडून सगळे हात वर. निघताना किब्लर तिच्या कानाशी आला. “मॅडम, मन लहान करू नका. वडिलांसाठी हजार संधींमागे तीनशे चाळीस फटक्यांची सरासरी टाकतो ना. भल्याभल्यांना जमलेली नाही. कोण विचारतंय?”

तिनं गाडीची किल्ली उचलली. मात्र कापलेल्या मक्याच्या शेतांमधून गाडी हाकताना तिनं ते शब्द जिभेवर घोळवून पाहिले. एल्वूड पेटीफर्ड, तीनशे चाळीस. गोड लागले. आणि गोड लागले म्हणून तिला स्वतःची जेवढी किळस आली, तेवढी गॉर्डनचीही आली नव्हती.

म्हातारा स्वयंपाकघरात घेवड्याच्या बिया आणि मक्याची भाकर खात बसला होता. तिनं सगळं सांगितलं, काही न लपवता. तीनशे चाळीस ऐकून तो खोकला येईपर्यंत हसला.

“मी? अगं पोरी, मी संघात होतो झेलांसाठी. मी बॅट उचलली, की आपलीच माणसं लिंबूपाणी आणायला उठायची.”

“हे मला कधी सांगितलं नाहीत, बाबा!”

“तू कधी विचारलंस? तू आपली वर्तमानपत्रं चाळत बसलीस.”

डॉर्कस खुर्चीत बसली. “मग शून्य राहू दे म्हणता?”

“शून्य?” चमचा खाली आला. “आणि व्हिन्सेन्स गावच्या त्या डावखुऱ्या गोलंदाजाला मारलेला फटका? कुंपणापलीकडे गाय चरत होती, तिच्या पाठीत बसला चेंडू. तुझी आई तिथं कुंपणाशी उभी, पिवळ्या झग्यात, उन्हात ऊन मिसळावं तशी. तेव्हा माझी तिची ओळखसुद्धा नव्हती. चेंडू तिच्या डोक्यावरून गेला आणि ती वर बघत राहिली, बघत राहिली. शून्य लिहिलं म्हणजे तिनं काहीच पाहिलं नाही. तिला खोटी ठरवतोय का तो दातवाला?”

“मग लिहायचं काय?”

“काही नाही. ज्यांनी पाहिलं नाही, त्यांनी लिहू नये. माझं नाव काढ त्यातनं.”

“उद्घाटनाला जायचं होतं ना तुम्हांला?”

“होतं,” म्हातारा म्हणाला, आणि त्यानं भाकरीचा तुकडा मोडला.

डॉर्कसनं गॉर्डनला फोन लावला. बाबांचं नाव काढ म्हणाली. स्टार्सच्या बाकीच्या खेळाडूंच्या घरी मी स्वतः जाऊन विचारते, तोवर त्यांची नावंही टाकू नकोस.

“पण डॉर्कस, मग त्या संघाच्या जागी नुसतं भोक दिसेल. लोक विचारतील!”

“विचारू देत. आम्हांला ठाऊक नाही म्हणून सांग. जमेल एवढं म्हणायला?”

पलीकडे गॉर्डननं दार लोटलं. मग आवाज खाली आणून, बायकोला ऐकू जाऊ नये असा, तो म्हणाला, “डॉर्कस, चाळीस जरा जास्त झाले का गं?”

तिनं फोन ठेवून दिला. मागून म्हातारा विचारत होता, भांड्यात अजून बिया आहेत की संपल्या.