आईने भरायचा रकाना

शर्टांच्या कारखान्यात तिचं काम एकच: चूक शोधायची. कॉलर तिरकी, शिवण उसवलेली, दोरा लोंबतोय. दिसलं की त्यावर लाल टिकली चिकटवायची. ज्या शर्टात काही सापडत नाही, तो मुकाट्याने पुढे सरकवायचा. चांगल्यासाठी टिकलीच नव्हती. चौदा वर्षांत नजर अशी तयार झाली होती की मालकसुद्धा तिच्यासमोर यायच्या आधी स्वतःच्या शर्टाची बटणं चाचपून बघायचा.

त्या संध्याकाळी चौथीतल्या लेकीने शाळेचा कागद पुढे केला. ‘तुमच्या मुलीला काय चांगलं जमतं?’ खाली आईने भरायचा रकाना. उद्या बाई वर्गात सगळ्यांचं वाचून दाखवणार होत्या.

“लिही ना गं. सगळ्यांच्या आयांनी केव्हाच लिहिलं.”

“लिहिते की. जरा विचार तर करू दे.”

“इतका विचार करावा लागतो?”

आई हसली, पण हात हलेना. चित्रं छान काढते, लिहावं? रंग रेषेबाहेर जातो. गाते? कडव्याच्या शेवटी सूर सुटतो. काहीही आठवलं की आधी त्यातली खोटच पुढे यायची. समोर पोर टक लावून बसलेली.

“जाऊ दे, मीच लिहिते. तू फक्त सही कर.” लेकीने कागद ओढला आणि पेन्सिलीने लिहिलं, ‘रडणारं बाळ माझ्याकडे आलं की गप्प होतं.’

खरंच होतं ते. शेजारणीचं तान्हं कुणालाच आवरायचं नाही. ही खांद्यावर घ्यायची आणि दोन मिनिटांत ते शांत. आईचा ऊर भरून आला. शाब्बास म्हणायला तिने तोंड उघडलं.

“ओळ वाकडी गेलीय बघ,” ती म्हणाली.

लेकीने खोडरबर घेतलं. शेवटचा शब्द खोडेल असं आईला वाटलं. लेकीने पहिल्या शब्दापासून खोडायला सुरुवात केली.

“अगं वेडे, ओळच फक्त! लिहिलंयस ते सोळा आणे खरं आहे.”

“आता म्हणतेस.”

“दे इकडे, मी लिहिते.”

“नको.”

लेकीने रिकाम्या रकान्यावरचा चुरा फुंकला, कागदाची घडी घातली, दप्तरात ठेवली.

“आणि बाईंनी विचारलं तर?”

“सांगेन, आई ओव्हरटाइमला होती.” ती दप्तराची चेन लावत होती. “तू नको काळजी करू. तुला नाही ओरडणार त्या.”