पायडल न थांबणारी सायकल

मित्रांनो, मी शर्यतीची एक जुनी सायकल आहे. पूर्ण्यातल्या रेल्वे क्वार्टरच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असते. इतर सायकलींवर पाय थांबवले तरी चाक फिरत राहतं. माझं तसं नाही. चाक फिरतंय तोवर माझं पायडलही फिरतच राहतं.

रेल्वेत फिटर असलेल्या काशीनाथरावांनी मला लेकीसाठी, ईश्वरीसाठी आणलं. आधी त्यांनी मला पुढचा ब्रेक बसवला. मग रोज सकाळी ताडकळसच्या रस्त्यावर ते तिला शिकवू लागले.

"पाय एकदम थांबवू नको, फेकून देती ही. थांबायचं आसंल तर पायडल हळूहळू मागं रेट. अन् ब्रेकबिगर रस्त्यावर न्यायची न्हाई."

ईश्वरी दोनदा पडली, पण शिकली. पुढे जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली आली. लोकांनी माझ्या हँडललासुद्धा हार घातला.

शर्यतीसाठी काढलेला ब्रेक मात्र नंतरही हत्यारांच्या डब्यातच राहिला.

सुट्टीत पोखर्णीहून तिची आतेबहीण वैष्णवी आली. ती शाळेच्या खो-खो संघात होती, वाऱ्यासारखी पळायची.

"ताई, मला बी एक चक्कर मारू दे की."

ईश्वरी हसली. "जा की. कळंल तुला गंमत."

पुलाच्या उतारावर माझा वेग वाढला. वैष्णवीनं घाबरून सवयीनं पाय जागीच रोखून धरले. फिरत्या पायडलनं ते झटकून टाकले. तिचे हात ब्रेक शोधत होते. मी तिला घेऊन कठड्यावर आदळले.

परभणीला तिच्या गुडघ्याची दोन ऑपरेशनं झाली. पण पाय पुन्हा कधी पुरता वाकला नाही.

काशीनाथरावांनी डब्यातला ब्रेक काढला आणि मला बसवला. बराच वेळ ते एकच नट आवळत राहिले. ईश्वरी त्यानंतर माझ्यावर बसली नाही.

दिवाळीत वैष्णवी आली. माझ्या सीटवर हात ठेवून म्हणाली, "ताई, पायडल थांबत न्हाई, हे तुला म्हाईत व्हतं ना?"

"व्हतं."

"मंग सांगायचं की गं."

ईश्वरी रडू लागली. वैष्णवी रडली नाही. पाय लांब करून ती पायरीवर बसून राहिली.

मित्रांनो, मला बोलता येत नाही. कुणाच्या हाती माझ्यासारखी सायकल देताना तिचा ब्रेक बघा, तिची खोड सांगा. तुम्हाला बोलता येतं.